वायफायचा डोंगल आणि बीएच ही दोन अक्षरं

मनामात गुदैबिया किंवा जुफेरच्या फ्लॅटवर तुमच्यापैकी अनेकांकडे एक जुना लॅपटॉप पडून असेल. भारतातून येताना आणलेला, नवीन विंडोज न झेपणारा, पण बाकी ठणठणीत. त्यावर लिनक्स टाकलं की तो पुढची काही वर्षं आरामात चालतो. गाडी अडते ती वायफायपाशी. मग आपण बाजारातून यूएसबी डोंगल आणतो, लावतो, आणि काहीच होत नाही. बरेच जण इथेच हात टेकतात आणि लॅपटॉप पुन्हा कपाटात जातो. तसं करायची गरज नाही.

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यावरचं नाव विसरा. महत्त्वाची असते आतली चिप. एकाच मॉडेल नंबरच्या दोन आवृत्त्यांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप असू शकतात. रिअलटेक, मीडियाटेक आणि अथेरॉस ही नावं सारखी भेटतील. लिनक्सवर टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' (इंग्रजी लहान अक्षरांत, सलग) टाइप करा. प्रत्येक उपकरणासमोर चार-चार अक्षर-अंकांची एक जोडी दिसेल. पहिले चार कंपनीचे, पुढचे चार उपकरणाचे. शोध या जोडीवरून घ्यायचा.

यादीत वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसला तर गोंधळू नका. काही डोंगल सुरुवातीला सीडी असल्याचं सोंग घेतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. 'यूएसबी मोडस्विच' नावाचं छोटं साधन त्यांना मूळ रूपात आणतं.

आता दोन शब्द नीट वेगळे करू. ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि चिप यांच्यातला दुभाषा. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा तिचा स्वतःचा प्रोग्राम. बऱ्याच यूएसबी डोंगलमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो, डोंगल लावला की दरवेळी ड्रायव्हर तो चिपमध्ये भरतो. म्हणून ड्रायव्हर असूनही फर्मवेअरची फाइल नसेल तर वायफाय मुकंच राहतं. 'डीमेसेज' ही आज्ञा कर्नलच्या नोंदी दाखवते. कोणती फाइल सापडली नाही, हे तिथे बहुधा नावानिशी लिहिलेलं असतं.

पण फाइल उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी वायफाय! यावर सोपा तोडगा आहे. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनवर 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लिनक्सला तो फोन वायरवाल्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर बहुतेक वितरणांत आधीपासून असतो.

ड्रायव्हर कर्नलमध्येच असेल तर तुम्ही सुखी. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू या चिपला ४.१९ आवृत्तीपासून (२०१८), तर रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीयूला ६.२ पासून (२०२३) कर्नलमध्ये जागा मिळाली. बाहेरचा ड्रायव्हर स्वतः बांधायचा झाला तर तो 'डीकेएमएस'मार्फत बसवा. नाहीतर कर्नल अपडेट झाला की वायफाय गेलंच म्हणून समजा. आणि सगळं बरोबर करूनही ड्रायव्हर लोड होत नसेल तर सिक्युअर बूट तपासा. ते चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल दारातच अडवतो.

बीएसडीवाल्यांचा रस्ता थोडा वेगळा आहे. ओपनबीएसडीवर 'एफडब्ल्यू अंडरस्कोर अपडेट' ही आज्ञा लागणारं फर्मवेअर शोधून आणते. फ्रीबीएसडीवर ड्रायव्हर लोड झाला तरी 'आयएफकॉन्फिग'ने त्याच्यावर 'डब्ल्यूलॅन०' हा इंटरफेस वेगळा तयार करावा लागतो.

आता शेवटची पायरी, जी परदेशात राहणाऱ्यांनी विसरू नये. रेडिओ लहरींचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात. बहारीनमध्ये हे काम २००२ साली स्थापन झालेली टेलिकम्युनिकेशन्स रेग्युलेटरी अथॉरिटी पाहते. तुम्ही कुठे आहात हे लिनक्सला कळलं नाही तर ते '००' हा जागतिक, सर्वांत सावध नियम धरतं. त्यात ५ गिगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर आधी फक्त ऐकायचं, आपणहून बोलायचं नाही. त्यामुळे लपवलेलं नेटवर्क सापडत नाही आणि त्या पट्ट्यात हॉटस्पॉट सुरू होत नाही. डोंगल अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला असेल तर १२ आणि १३ हे चॅनेल त्याला दिसतच नाहीत. घरातला राउटर १३ वर असेल तर शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात, फक्त आपलं सोडून.

'आयडब्ल्यू रेग गेट' टाइप केलं की सध्याचा देश कळतो. 'आयडब्ल्यू रेग सेट' आणि पुढे बीएच ही दोन मोठी अक्षरं टाकली की बहारीनचे नियम लागू होतात. यासाठी सुडो लागेल. भारतात सुट्टीवर गेलात की आयएन करा. जास्त ताकद मिळेल म्हणून भलत्याच देशाचं नाव मात्र देऊ नका. ५ गिगाहर्ट्‌झचा काही भाग रडारही वापरतात, त्यामुळे नियमाला कारण आहे. शिवाय काही डोंगलमध्ये देश कोरलेलाच असतो. तिथे तुम्ही नियम कडक करू शकता, सैल करू शकत नाही.

पुढचा डोंगल घेताना दुकानात खिशातला फोन काढा, चिपचं नाव शोधा आणि ती कोणत्या कर्नलपासून चालते ते आधी पाहा. हे दहा मिनिटांचं काम आहे. त्या बदल्यात एक चांगला लॅपटॉप कचऱ्यात जाण्यापासून वाचतो, आणि तो कोणत्या प्रणालीवर चालवायचा हे तुमच्या हातात राहतं.