पोत्यात काय आहे?

मी फासेपारधी. अंबड तालुक्यातल्या एका गावाच्या गायरानाला लागून आमची वस्ती आहे. वकिली शिकलो आणि आता जालना जिल्ह्यातल्या कोर्टांत आमच्या माणसांसाठी उभा राहतो. येणाऱ्या तक्रारी मंठ्याच्या असोत की भोकरदनच्या, सुरुवात बहुतेक एकच असते. माळावर कुणीतरी अडवलं आणि विचारलं, "काय रे, पोत्यात काय?"

हे विचारायचा अधिकार कुणाला आहे आणि कुणी विचारलं तर काय करायचं, हे आमच्या लोकांइतकंच गावालाही माहीत असायला हवं.

आधी शिकारीबद्दल सरळ सांगतो. माझा आजा तितर धरायचा. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास एका दोरीला ओळीनं बांधलेले, मधे मधे बांबूच्या खुंट्या. पहाटे गवतात ही ओळ रोवायची, शेजारी पिंजऱ्यात पाळलेला तितर ठेवायचा. तो बोलला की रानातला तितर भांडायला धावत येतो आणि मान फासात अडकते. आमच्यातले गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडून चालत पाखरांच्या अगदी जवळ जात. गाय चरते आहे असं वाटून पाखरं उडत नसत. फासात सापडलेली लांडोर किंवा गाभण हरणी सोडून द्यायची, असं आजा सांगायचा. धरलेलं पाखरू बाजारात उघड विकलं जाई आणि घेणारे गावातलेच प्रतिष्ठित लोक असत.

मग १९७२ साल आलं. मराठवाड्याला ते दुष्काळानं आठवतं. आमच्यासाठी त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदाही झाला. पुढे १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेच बंद झाले. आज तितर, ससा, हरीण काहीही धरणं गुन्हा आहे. फास लावणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. मी हा कायदा योग्य मानतो. माळरानं नांगरली गेली, काळवीट दिसेनासं झालं, तेव्हा कुणीतरी थांबायलाच हवं होतं. पण ज्यांचा धंदा एका कायद्यानं बंद केला, त्यांना दुसरा धंदा द्यायची जबाबदारी कुणी घेतली नाही. आजा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला आणि नंतर आयुष्यभर मजुरीच करत राहिला.

आजही कायदेशीर शिकार एका वाटेनं होऊ शकते. रोही किंवा रानडुकरं उभं पीक खात असतील, तर शेतकरी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी मागू शकतो. त्यासाठी पीक लागतं, म्हणजे जमीन लागते, आणि बंदुकीचा परवाना लागतो. रान सगळ्यात जास्त ज्याला कळतं, त्या पारध्याकडे यातलं काहीच नसतं.

अडवणुकीबद्दल अमेरिकेत पन्नासही राज्यांत कायदे आहेत : कायदेशीर शिकार करणाऱ्याला मुद्दाम अडवलं, तर अडवणारा गुन्हेगार ठरतो. तिथे शिकाऱ्याला शिकवतात की वाद घालू नको, वेळ-जागा टिपून ठेव आणि अधिकाऱ्याला बोलाव. आमच्या लोकांना शिकारच बंद आहे, पण हा सल्ला आमच्या माणसाच्या फार कामाचा आहे. कारण शिकार सुटली तरी अडवणूक सुटलेली नाही.

तिचं मूळ जुनं आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानं गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद करून आमच्या लोकांना नोकऱ्या दिल्या. देशभरात मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी कायदा रद्द झाला, पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातला संशय तसाच राहिला. १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलीस कोठडीत मेला. आमच्या वस्तीत त्या बातमीनंतर कित्येक दिवस पुरुष घरी झोपत नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझा चुलतभाऊ डोंगराच्या उतारावर सीताफळं गोळा करत होता. रानातली सीताफळं, कुणाच्या बागेतली नव्हेत. दोन मोटरसायकलींवरून चार पोरं आली. त्यांनी पोतं हिसकावून रिकामं केलं, फळं पायाखाली तुडवली आणि त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला : चोर सापडला. कुणीतरी पोलिसांना फोन केला. भाऊ म्हणत होता, "दादा, सीताफळंच हैत, बघा ना." रात्रीपर्यंत त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. अटकेचा कागद नाही, नोंद नाही. मग "जा आता" म्हणून सोडून दिलं.

त्या रात्री मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो.

गावातल्या माणसाला तुमचं पोतं तपासायचा अधिकार नाही. डोळ्यांसमोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला किंवा समोरचा फरार म्हणून घोषित असला तरच सामान्य माणूस कुणाला धरू शकतो, आणि धरल्यावर सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावंच लागतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० हेच सांगतं. बांधून ठेवणं, मारणं, फोटो फिरवणं यातलं काहीही त्यात बसत नाही. वन्यजीव कायद्याखाली झडती घ्यायची तर वनाधिकारी हवा किंवा किमान उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस, आणि त्याच्याकडे संशयाला सबळ कारण हवं. जात हे कारण होत नाही. असा अधिकारी आला तर मात्र पळू नका, पोतं उघडून दाखवा. पळालेल्या पारध्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही.

अटक झाली तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, साक्षीदाराच्या सहीनिशी अटकेचा पंचनामा लागतो आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. यातलं काही राज्यघटनेतच आहे, बाकीचं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून पक्कं आहे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं आहे की विमुक्त जमातीच्या, म्हणजे त्या जुन्या गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या, माणसांना मनमानी अटक होता कामा नये. या निकालाची प्रत मी बॅगेत घेऊन फिरतो.

फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन लावायचा. जातीवरून मारहाण किंवा अपमान झाला तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवता येतो. ठाण्यात घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं अर्ज पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. भावाचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

पावती जपा असं मी का म्हणतो, ते गायरानाच्या जमिनीवरून कळेल. शिकार सुटल्यावर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी गायरानाचा तुकडा फोडून त्यात बाजरी पेरली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पण त्या काळात जमीन कसत होतो याचा पुरावा आणायचा कुठून? तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई नावाची अतिक्रमणांची नोंदवही असते. तिच्यातलं नाव आणि त्या वेळी भरलेल्या दंडाच्या पावत्या, हाच आमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो. माझ्या आजीनं लुगड्याच्या गाठीत दोन पावत्या राखल्या होत्या. दंड भरून आल्यावर घरात शिव्याशाप चालायचे आणि ती गप्प बसून कागद घडी घालून ठेवायची. कोर्टात त्या पावत्या मी तिच्याच हातून दाखल करायला लावल्या.

राहिला दुसऱ्या धंद्याचा प्रश्न. पारध्याचं रानाचं ज्ञान वाया जायची गरज नाही, हेही दिसलं आहे. मध्य प्रदेशात पन्ना व्याघ्र प्रकल्पालगत पारधी तरुण पर्यटकांना रानात पायी फिरवतात, ठसे आणि आवाज ओळखायला शिकवतात. विदर्भात वाशीम-अकोल्याकडे फासेपारध्यांच्या वस्त्यांनी गवताळ माळ राखायला घेतले. जालन्यात राखण्यासारखी माळरानं अजून उरली आहेत. वनखात्यानं आमच्या पोरांना कामावर घेतलं तर कुठल्या बांधाला फास लागलाय हे त्यांच्याइतकं लवकर दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. माळावर पोतं घेऊन जाणारा पारधी दिसला आणि खरंच शंका आली, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा आणि अधिकारी येईपर्यंत थांबा. पोतं हिसकावू नका, त्या माणसाचा फोटो काढू नका. आणि बाकीचे अडवत असतील तर तिथे उभं राहून त्यांना सांगा की हा अधिकार तुमचा नाही.