सहा सिलिंडरांचें जुनें इंजिन व क्रँकचा डॅम्पर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत उसाचा मोसम जवळ आला कीं जुन्या मालमोटारींचीं इंजिनें दुरुस्तीस खोलण्यांत येतात. त्या वेळीं क्रँकशाफ्टच्या पुढील टोकावरचा डॅम्पर निकामी निघाल्यास भंगारांतील दुसऱ्या इंजिनाचा बसविण्याचा मोह होतो. ही अदलाबदल केव्हां चालते व केव्हां घातक ठरते, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

एका ओळींतील सहा सिलिंडरांचें इंजिन मूळचेंच समतोल असतें. दट्ट्यांच्या वरखालीं धावण्याचे धक्के परस्परांस मारतात. म्हणून डॅम्पर हें केवळ तोलाचें वजन, तें कोणतेंही चालेल, असा समज आहे. तो चुकीचा होय. शाफ्ट लांब असल्यानें दर फेऱ्यास होणाऱ्या तीन स्फोटांनीं तो पिळवटतो व सुटतो. विवक्षित वेगास हा पीळ, लयींत झोके दिलेल्या पाळण्याप्रमाणें, वाढत जातो व अखेर शाफ्टास चीर पडते. डॅम्परांतील जड कडें रबरानें मधल्या तुंब्यास जोडलेलें असतें. तें पिळाची शक्ति रबरांत उष्णतेच्या रूपानें जिरवितें. कांहीं डॅम्परांत रबराऐवजीं दाट सिलिकोन द्रव असतो.

कड्याचें वजन व रबराची लवचीकता त्या त्या शाफ्टाच्या मानानें ठरविलेली असते. टाटांच्या 692 व 697 या जुन्या इंजिनांचें उदाहरण घ्यावें. पहिल्याच्या सिलिंडराचा व्यास 92 मिलिमीटर व दट्ट्याची धाव 120. दुसऱ्याचीं हींच मापें 97 व 128. धाव निराळी म्हणजे क्रँकही निराळा. तेव्हां डॅम्पर टोकावर बसला एवढ्यावरून तो योग्य ठरत नाहीं.

म्हणून शक्यतों त्याच जातीच्या इंजिनाचा, त्याच क्रमांकाचा डॅम्पर घ्यावा. तुंब्याचें भोंक, चावीचा गाळा, कड्याचा व्यास व वजन ताडून पाहावें. पट्ट्याची पुली सरळ रेषेंत येते कीं नाहीं तेंही पाहावें. रबर चिरलेलें, फुगलेलें वा तेलानें मऊ झालेलें असल्यास तो टाकून द्यावा. वेळेची खूण कड्यावर असेल तर पहिला दट्ट्या अगदीं वर आणून ती पडताळावी. कडें सरकलें असल्यास खूण खोटी ठरते. तुंबा, रबर व कडें यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. कांहीं दिवसांनीं ती तुटलेली दिसली, तर कडें सरकलें असें समजावें. डॅम्पर काढतांना पुलरच वापरावा. कड्यावर हातोडा कधींही मारूं नये.

नव्या डॅम्परची किंमत शाफ्टाच्या मानानें थोडी असते. शिवाय भर मोसमांत गाडी वाटेंत अडली, तर तोडलेल्या उसाचें वजन व साखर दिवसागणिक घटते. तें नुकसान शेतकऱ्याच्याच पदरीं येतें.