बनावट विनंतीपासून संकेतस्थळाचे रक्षण

कार्यालयात आलेला कागद केवळ साहेबांच्या मेजावर पोहोचला म्हणून मंजूर होत नाही. सही व शिक्का पडताळला जातो. संकेतस्थळावर ही पडताळणी राहून गेल्यास काय अनर्थ ओढवू शकतो, हे २०२० साली दिसून आले.

वर्डप्रेस प्रणालीवरील दोन लाखांहून अधिक संकेतस्थळांवर तेव्हा ‘कोड स्निपेट्स’ हे प्लगइन, म्हणजे पूरक आज्ञावली, वापरात होते. बाहेरची आज्ञा स्थळात आणून बसविण्याची सोय त्यात होती. मात्र ती विनंती व्यवस्थापकानेच जाणूनबुजून केली काय, हे तपासले जात नव्हते.

व्यवस्थापकाने प्रवेश केल्यावर ब्राउझर त्या स्थळाकडे जाणाऱ्या विनंतीसोबत त्याची ओळखखूण आपोआप पाठवितो. अशा वेळी त्याने फसवा दुवा उघडल्यास त्या पानाने परस्पर धाडलेली विनंतीही त्याच्याच नावावर जमा होऊ शकते. परवलीचा शब्द चोरण्याचीही गरज उरत नाही.

जानेवारी २०२० मध्ये निघालेल्या २.१४.० या आवृत्तीत हा दोष दूर झाला. यावर खरा उपाय म्हणजे प्रत्येक अर्जासोबत अल्प मुदतीची गुप्त खूण देणे व ती जुळल्याखेरीज काम न करणे. परक्या पानाला ही खूण ठाऊक नसते.

तरी व्यवस्थापकांनी प्लगइन वेळोवेळी अद्ययावत करावीत, अनावश्यक काढून टाकावीत आणि काम संपताच स्थळातून बाहेर पडावे. शाळेचा निकाल वा पंचायतीची सूचना लोक विश्वासाने वाचतात. त्या विश्वासाची राखण हे कर्तव्यच होय.