राणीचं 'वय' आणि आमची चूक

आमच्या गल्लीत राणी नावाची कुत्री होती. नऊ-दहा वर्षांची. कुणा एकाची नाही, सगळ्यांचीच. मागच्या उन्हाळ्यात ती सारखी पाणी प्यायला लागली. आम्ही म्हणालो, उकाडा आहे. मग तिने खाणं सोडलं, पोट फुगल्यासारखं दिसू लागलं. आम्ही म्हणालो, वय झालं बिचारीचं. चौथ्या दिवशी रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की तिच्या गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या, वयस्क माद्यांना माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत हा आजार होतो. वेळेत ऑपरेशन झालं तर कुत्री वाचते. राणी वाचली नाही.

तिला वयाने नेलं नाही, आजाराने नेलं. 'वय झालं' म्हणून आम्ही चार दिवस हातावर हात ठेवून बसलो. आज त्रिमूर्तीनगर असो, इंदिरानगर असो की दत्तनगर, दर दोन-चार घरांआड एखादा काळ्या किंवा मोती आहे. तुमच्या दारात ही चूक होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

वयाने काय होतं?

कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की त्याला वयस्क समजावं. चांगली निगा राखली तर आपला देशी कुत्रा बारा-पंधरा वर्षंही जगतो. तोंडावरचे केस पांढरे होतात, झोप वाढते, कान मंद होतात. डोळ्यांत निळसर झाक येते. ती प्रत्येक वेळी मोतीबिंदू असते असं नाही. झाक नुसती वयाची असेल तर कुत्र्याला बऱ्यापैकी दिसतं. डोळा पांढरा होऊन तो भिंतीला, बादलीला धडकू लागला तर मात्र दाखवावं.

काही कुत्री रात्री विनाकारण भुंकतात, कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात, ओळखीच्या गल्लीत वाट चुकतात. त्याला भुताटकी समजू नका आणि काठीही उगारू नका. म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो, तसंच हे आहे.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- पाणी आणि लघवी दोन्ही वाढणं. लिटरच्या बाटलीने मोजून पाणी ठेवा. पंधरा किलोचा कुत्रा दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त पीत असेल तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा राणीसारखा गर्भाशयाचा आजार असू शकतो.
- खाऊनही वजन उतरणं, किंवा दोन दिवस काहीच न खाणं.
- तोंडाला घाण वास, लाळ, घास टाकून देणं. दात किडलेले किंवा हिरड्या सुजलेल्या असू शकतात.
- मादीच्या सडाजवळ गाठ, नर किंवा मादीच्या लघवीच्या जागी गाठ किंवा थेंबथेंब रक्त. कुत्र्यांमध्ये एकमेकांकडून पसरणारी एक गाठ असते. बहुतेक वेळा ती इंजेक्शनच्या कोर्सने बरी होते. म्हणून कॅन्सर म्हणत हात टेकू नका.
- हिरड्या पांढऱ्या पडणं, ताप, अंगावर गोचिड्या. गोचिडीच्या तापाने रक्त कमी होतं.
- बसल्या जागी धाप लागणं, रात्री खोकला.

घरातल्या गोळ्या नकोत

कुत्रा लंगडतो म्हणून आपण घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्याला भाकरीत घालून देतो. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत आणि रक्त बिघडतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं. सांधेदुखीसाठी कुत्र्यांची वेगळी औषधं असतात, ती वजन बघून डॉक्टर देतात.

कमी पैशात काय करता येतं?

म्हाताऱ्या कुत्र्याला एकदाच भरपूर न देता दोनदा थोडं थोडं द्या. मऊ भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, उकडलेला लाल भोपळा चालतो. दुधाने जुलाब होत असतील तर बंद करा. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, चॉकलेट नको. शिजवलेली कोंबडीची हाडं तर नकोच. त्यांचे तुकडे होऊन आतडं फाटतं. कालवण घरातलंच द्यायचं असेल तर फोडणी घालण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढा.

गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. जुनं गोणपाट किंवा सतरंजी टाका. उठताना त्रास होत असेल तर पोटाखालून ओढणी घालून मागचा भाग हलकेच उचलून धरा. तो पडूनच असेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर कोपराला, कमरेला जखमा होतात.

पावसाळ्यात नाल्याचं पाणी गल्लीत येतं तेव्हा त्याची जागा उंचावर करा. फळी, जुनी खाट, काहीही चालेल. त्या पाण्यात उंदराच्या लघवीतून लेप्टो पसरतो. तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नका.

लस म्हातारपणीही हवी

'आता किती दिवस राहिलेत' म्हणून रेबीजची लस चुकवू नका. ती दरवर्षी द्यायची. कानाचं टोक कापलेलं दिसलं म्हणजे नसबंदी झालेली आहे, पण लस दरवर्षी लागतेच.

ऐकू न येणारा, अंग दुखणारा कुत्रा दचकून चावतो. झोपेत असताना त्याला हात लावू नये, खाताना जवळ जाऊ नये, हे मुलांना शिकवा. चावलाच, नख लागलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लगेच शास्त्रीनगर किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात जा आणि सांगतील तितके सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा अंगात भिनला की औषध नाही.

इमारतीत जाताना

झोपडी सोडून इमारतीत राहायला गेलेल्या घरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपण चौथ्या मजल्यावर जातो आणि दहा वर्षं दार राखलेला कुत्रा जुन्या जागेवर बसून राहतो. नव्या जागेत दुसरी कुत्री त्याला टिकू देत नाहीत, जिने त्याला चढवत नाहीत. शक्य असेल तर त्याला घरात घ्या. नसेल तर जिन्याखाली जागा द्या, दोन-तीन घरांनी खाणं वाटून घ्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही वस्तीतल्या प्राण्यांच्या खाण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची सोय आहे. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यापासून दूर जागा ठरवली की शेजाऱ्यांशी भांडणही होत नाही.

कुठे न्यायचं?

सहा महिन्यांतून एकदा पशुवैद्यकांना दाखवा. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. डोंबिवलीत 'पॉज' ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आहे. मोठ्या आजारासाठी परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. खर्चाचं आधीच विचारा, लाजू नका. गल्लीत दर महिन्याला घरटी दहा रुपये जरी बाजूला ठेवले तरी वेळेला रिक्षाचं आणि तपासणीचं भागतं. आम्ही हा डबा राणी गेल्यावर सुरू केला. आधी केला असता तर चार दिवस 'पैसे कोण देणार' यात गेले नसते.

आणि कधी डॉक्टर सांगतात, आता उपाय नाही, वेदनाच आहेत. तेव्हा घरच्यांनी बसून, डॉक्टरांना सगळं विचारून ठरवावं. घाई नको, पण त्याला नाल्याकाठी नेऊन सोडणं हाही निर्णय नव्हे. शेवटचे दिवस त्याने ओळखीच्या माणसांत काढावेत.

बाबासाहेबांचा दिल्लीतल्या घरचा एक फोटो आहे. माईसाहेब, सुदामा आणि सोबत घरचा कुत्रा. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा दारातल्या काळ्याकडेही एकदा बघा. तो पाणी किती पितो आहे, ते आजच मोजा.