जयपूर: कपात नेहमी आदेशानेच होते असं नाही

पेन्शन थांबते, अंगठ्याचा ठसा जुळत नाही म्हणून रेशन नाकारलं जातं, आणि तक्रारीची पोचही मिळत नाही. हीदेखील सरकारी लाभांतली कपातच. तिच्याविरुद्ध 1 डिसेंबर 2015 रोजी जयपूरहून ‘जवाबदेही यात्रा’ निघाली. मजदूर किसान शक्ती संघटनेसह अनेक संघटनांचे कार्यकर्ते 100 दिवस राजस्थानच्या तेव्हाच्या सर्व 33 जिल्ह्यांत फिरले. लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या आणि पाठपुरावा करायचा, असं हे चिकाटीचं काम. जानेवारी 2016 मध्ये झालावाड जिल्ह्यातील अकलेरा इथे यात्रेवर हल्लाही झाला. यात्रेनंतर जयपुरात धरणं धरलं गेलं. जिवंत असून कागदोपत्री मृत ठरल्याने पेन्शन बंद झालेली माणसं राजस्थानात पुढेही सापडत राहिली.

जुलै 2023 मध्ये विधानसभेने किमान उत्पन्न हमी कायदा मंजूर केला: वर्षाला 125 दिवस काम, दरमहा किमान 1,000 रुपये पेन्शन आणि तीत दरवर्षी 15 टक्के वाढ. चळवळीचं हे मोठं यश. मात्र मुदतीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारणाऱ्या कायद्याचं आश्वासन 2019 च्या अर्थसंकल्पात देऊनही 2023 च्या निवडणुकीपर्यंत तो मंजूर झाला नाही.