दुसऱ्या प्रश्नाचं इंग्रजी

वेरूळच्या सोळाव्या लेण्याबद्दल पाच मिनिटं इंग्रजीत बोलता येत नाही, असा गाईड छत्रपती संभाजीनगरात शोधून सापडायचा नाही. ज्येष्ठ गाईडांच्या मागे फिरत, ऐकत पोरं ते बोलणं उचलतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेलं कैलास मंदिर. माझ्या संध्याकाळच्या वर्गात येणाऱ्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. पंचाईत होते ती पाहुणा मध्येच थांबवून विचारतो तेव्हा: "हे तुम्हाला कशावरून कळलं?" एक विद्यार्थी मला म्हणाला, "मॅडम, पहिल्या प्रश्नाची तयारी असते माझी. मी उत्तर दिलं की त्यातनं ते जो दुसरा प्रश्न काढतात ना, तिथं सगळं डोक्यातून जातं."

पर्यटनासाठी लागणारं वरच्या पातळीचं इंग्रजी त्या दुसऱ्या प्रश्नापाशी सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. वर्गात येणाऱ्यांची अपेक्षा मात्र वेगळी असते. कुणाला गाईडचं लायसन्स हवं असतं, कुणाला हॉटेलच्या रिसेप्शनवर बढती, कुणाला परदेशी ग्रुप सांभाळणाऱ्या ट्रॅव्हल कंपनीत टूर लीडरची नोकरी. सगळ्यांना वाटतं, जड शब्दांची एक वही भरली की काम झालं. पण अजिंठ्याला येणारा परदेशी पाहुणा बऱ्याचदा जपान, थायलंड, कोरिया किंवा श्रीलंकेहून बुद्धाच्या ओढीनं आलेला असतो. इंग्रजी त्याचीही शिकलेलीच भाषा. त्याच्यापुढे लांबलचक, अलंकारिक वाक्य टाकलं तर तो नम्रपणे मान हलवतो आणि त्याच्या पदरात काही पडत नाही. म्हणून मी आधी वाक्यं तोडायला लावते. एका वाक्यात एकच गोष्ट. वाक्य पुरं झाल्यावर श्वास. मगच पुढचं.

वर्गात हे जमतं, लेण्यात विसरतं. त्यासाठी सुटीच्या दिवशी आम्ही वेरूळला जातो. कैलासाच्या आवारात शाळांच्या सहलींचा गलका असतो आणि तिन्ही बाजूंच्या उभ्या कातळावरून आवाज परत येतो. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी जागा धरायची, त्यांच्याकडे तोंड करून वाक्य संपवायचं आणि मग शिल्पाकडे हात करायचा. बहुतेक जण शिल्पाकडे वळून, पाहुण्यांकडे पाठ करून बोलतात, आणि निम्मे शब्द भिंतीलाच ऐकू जातात.

एका मुलीनं तिथं सुरुवात केली: कारागिरांनी इथून दोन लाख टन दगड काढला. इंग्रजीतही ती 'लाख'च म्हणाली. परदेशी माणसाला लाख कळत नाही, दोनशे हजार म्हणावं लागतं. हे एका मिनिटात सुधारलं. खरी मेहनत पुढे होती. हा आकडा अंदाजाचा आहे. तो दगड कुणी तराजूत घातलेला नाही. पण तिच्या वाक्यात राजाचं नाव, दगडाचं वजन आणि राणीची गोष्ट ही तिन्ही सारख्याच खात्रीनं येत होती.

मग आम्ही तिन्ही गोष्टी सुट्या केल्या. कृष्णराजानं एलापुरात हे अद्भुत शिवालय उभारल्याचा उल्लेख नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोदा ताम्रपटात आहे. तिथं 'नोंद आहे' असं ठणकावून म्हणायचं. वजनाच्या बाबतीत 'असावं', 'अंदाज आहे'. आणि मंदिराचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असं व्रत धरलेली राणी, तिच्यासाठी वरून खाली मंदिर कोरणारा पैठणचा कोकस, ही कथा 'कथाकल्पतरू' या मराठी ग्रंथातली. ती रंगवून सांगावी, पण कथा म्हणूनच. मराठीत ही पोरं 'म्हणतात', 'असावं', 'असणारच' यांत कधी गल्लत करत नाहीत. इंग्रजीत गेली की सगळं 'इज' आणि 'वॉज'मध्ये कोंबतात. 'मस्ट हॅव बीन' आणि 'माइट हॅव बीन' यांतला फरक जिभेवर बसायला आठवडेच्या आठवडे जातात. व्याकरणाच्या पुस्तकातलं हे रूक्ष प्रकरण गाईडच्या प्रामाणिकपणाचं हत्यार आहे, म्हणून त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते.

इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून आलेला पाहुणा हमखास विचारतो, की हे परग्रहवासीयांनी बांधलं ना? 'नो नो, राँग' असं तोंडावर मारलं की माणूस दुखावतो आणि त्याचं ऐकणं थांबतं. शंका का येते ते आधी मान्य करायचं, मग पुरावा दाखवायचा. वेरूळच्या भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलंय, त्यामुळे दगडातून खांब कसे मोकळे होत जातात ते तिथं डोळ्यांनी पाहता येतं. न दुखावता मतभेद मांडणं हे कुठल्याही भाषेत अवघड, परक्या भाषेत तर फारच. त्याचा सराव आम्ही आळीपाळीनं पाहुणे होऊन करतो.

अजिंठ्याची अडचण आणखी वेगळी. तिथल्या चित्रांना सरसकट 'फ्रेस्को' म्हणायची सवय आहे. फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवतात. इथं मातीचा, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो सुकल्यावर चिकट माध्यमात कालवलेले रंग. इटलीहून आलेल्या पाहुण्याला हा फरक नेमका ठाऊक असतो. शिवाय पहिल्या लेण्यात उजेड मंद आणि गर्दीच्या दिवशी वेळ थोडा. तेव्हा सांगायचं ते सगळं बाहेरच्या ओसरीत सांगून टाकायचं. आत गेल्यावर पद्मपाणीकडे बोट न दाखवता, त्याचा चेहरा शोधायला पाहुण्यांना वेळ द्यायचा. गप्प कधी राहायचं हेही मी इंग्रजीच्या तासालाच शिकवते.

नोकरीत टिकवणारं इंग्रजी मात्र लेण्याबाहेरच जास्त लागतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे न पाहता बुकिंग करून आलेलं जोडपं सोमवारी सकाळी हॉटेलच्या लॉबीत उभं असतं. 'सॉरी, क्लोज्ड' म्हणून गाडी परत पाठवणं सोपं. आज वेरूळ आणि दौलताबाद, उद्या अजिंठा, मुक्काम एक रात्र वाढवणार असाल तर हे पर्याय, हे त्यांचा राग शांत होईपर्यंत सावकाश सांगता आलं पाहिजे. त्यातही ऑस्ट्रेलियन किंवा स्कॉटिश उच्चार कानावर पडले की पोरं गोंधळतात आणि न कळता 'येस' म्हणून टाकतात. 'पुन्हा सांगाल का?' हे न लाजता विचारण्याची सवय मी पहिल्या दिवसापासून लावते.

सध्या आम्ही सर्वांत नाजूक प्रश्नावर आहोत: मूर्तींचे चेहरे कुणी फोडले? उत्तर तयार करून पाठ करायला मी मनाई केली आहे. दगडावर काय दिसतं, कुठं काय नोंदलं गेलंय आणि लोक काय म्हणतात, एवढं प्रत्येकानं आपल्या वाक्यांत वेगवेगळं मांडायचं. परवा त्याच मुलीनं रावणानुग्रहाच्या शिल्पासमोर ते करून दाखवलं. एका शब्दावर अडली, तो वळसा घालून सांगितला आणि पुढे गेली. पाहुणा झालेल्या मुलानं लगेच दुसरा प्रश्न टाकला. ती थांबली, "याचं उत्तर मला पाहून सांगावं लागेल," असं स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, आणि तो प्रश्न तिनं वहीत लिहून घेतला.