पांढऱ्या वाघाची वंशावळ

भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेल्या मैत्रीबागेत गर्दी रेंगाळते ती पांढऱ्या वाघांपाशी. मूल विचारते, 'हा पांढरा का?' आणि वडील खिशातून मोबाईल काढतात. क्षणार्धात तीन उत्तरे हजर होतात: हा सैबेरियाच्या बर्फातला निराळा वाघ आहे, याच्या अंगात रंगद्रव्यच नाही, आणि जगातील यच्चयावत पांढरे वाघ रीवाच्या 'मोहन'चे वंशज आहेत. तिन्ही विधाने असंख्य ठिकाणी आढळतात. त्यांतले एकही जसेच्या तसे खरे नाही.

असंख्य ठिकाणी आढळणे हा काही पुरावा नव्हे. एका साक्षीदाराचे बोलणे शंभरांनी नकलून काढले, तरी साक्षीदार एकच राहतो. भिलाईत तयार होणाऱ्या रुळाच्या अंगावर कारखान्याची खूण आणि वर्ष उमटवलेले असते. शास्त्रीय विधानाच्या अंगावरही तशीच खूण शोधावी लागते: कोणी पाहिले, केव्हा पाहिले, किती प्राणी तपासले?

रंगाबाबत ही खूण सापडते. २०१३ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात चिनी संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. एकाच कुळातील १६ वाघ तपासून त्यांनी निष्कर्ष काढला आणि नाते नसलेल्या १३० वाघांवर तो पडताळला. एसएलसी४५ए२ या जनुकातील एका बदलामुळे तांबूस-पिवळे रंगद्रव्य बनत नाही. काळे मात्र बनते, म्हणूनच पट्टे दिसतात. हा बदल आई आणि बाप या दोघांकडूनही मिळाला तरच पिल्लू पांढरे निपजते. म्हणजे हा वाघ ना वर्णहीन, ना निराळ्या जातीचा. निबंधाचा सारांश 'पबमेड' या सूचीत कोणालाही विनामूल्य वाचता येतो. भाषा रुक्ष आहे खरी, पण १६ आणि १३० हे आकडे त्यात आहेत. याच संशोधकांनी पांढरे वाघ जतन करण्याजोगे आहेत असेही सुचवले. ते मात्र त्यांचे मत झाले. जनुकाच्या शोधाइतके वजन त्याला देता येत नाही.

मोहनची गोष्ट याहून गुंतागुंतीची. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी १९५१ साली त्याला पकडले. पुढे त्याच्यापासून त्याच्याच मुलीला, राधेला, १९५८ साली पांढरी पिल्ले झाली, आणि देशोदेशीचे बहुतेक पांढरे वाघ त्याच रक्ताचे. पण १९८० साली ओडिशातील नंदनकानन येथे दीपक आणि गंगा या तांबूस जोडप्याला पांढरी पिल्ले झाली, आणि त्यांचे मोहनशी नाते नव्हते. मैत्रीबागेत पांढरे वाघ आले ते याच नंदनकाननहून.

हा भेद क्षुल्लक नाही. बंदिस्त वाघांत बाप-लेकीच्या, भावा-बहिणींच्या जोड्या पुनःपुन्हा लावल्या गेल्या, की दुबळी पिल्ले जन्मतात. ते टाळायचे तर कोणता वाघ कोणाचा, हे नेमके ठाऊक असावे लागते. आणि त्यासाठी प्राणिसंग्रहालयाचा अधिकारी मोबाईल नव्हे, जन्माची नोंदवही उघडतो.